विश्लेषण : पाळलेला साप अचानक चावू का लागतो? बॉल पायथन हाताळताना काय चुकते, कायदा काय सांगतो?

डिसेंबर २०२३. बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकची पाकिटे होती. महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी ती उघडली, तेव्हा आत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. दोन्ही जाती बिनविषारी. दोन्हींना जगभरातील हौशी साप पाळणाऱ्यांकडून मागणी आहे, आणि आता ती भारतीय शहरांतही आहे. विमानतळावर पकडलेल्या सापांची बातमी होते. जे पकडले जात नाहीत, ते कुठल्या तरी फ्लॅटमधल्या काचेच्या टाकीत जाऊन पोहोचतात.

काही आठवडे सारे ठीक चालते. साप शांत असतो, हातात वेटोळे करून बसतो, त्याचे फोटो निघतात, रील्स होतात. मग एके दिवशी मालक झाकण उघडून हात आत घालतो आणि निमिषार्धात साप हाताला चावतो. पुन्हा चार दिवसांनी तेच. ‘साप आक्रमक झाला’, असा निष्कर्ष काढून मालक त्याला हात लावायचाच बंद करतो किंवा उलट, ‘सवय लागली पाहिजे’ म्हणून रोज बळेच बाहेर काढतो. दोन्ही उपायांनी परिस्थिती बिघडतेच.

बॉल पायथनच्या चाव्याने कुणाचा जीव जात नाही. तरीही भारतात हा विषय केवळ छंदापुरता राहत नाही. घरातला साप नोंदणी नसलेला, चोरट्या मार्गाने आलेला असेल, तर तो चावल्यावर मालक डॉक्टरांकडे जायला कचरतो, साप आजारी पडला तरी पशुवैद्याकडे नेत नाही आणि अगदीच नकोसा झाला तर रात्रीच्या अंधारात कुठे तरी सोडून देतो.

बॉल पायथन हा नेमका कोणता साप?

हा अजगरांच्या कुळातला, पण लहान चणीचा साप. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर निर्यात होत आला आहे. पूर्ण वाढलेला साप साधारण तीन ते पाच फुटांचा होतो. नीट काळजी घेतली तर बंदिवासात वीस ते तीस वर्षे जगतो, ही बाब विकत घेताना फारसे कुणी ध्यानात घेत नाही. अकरावीतल्या मुलाने हट्टाने घेतलेला साप त्याच्या लग्नानंतरही घरात असू शकतो.

नावातला ‘बॉल’ त्याच्या स्वभावातून आला आहे. भीती वाटली की तो अंगाचा घट्ट चेंडू करतो आणि डोके मधोमध लपवतो. हल्ला करणे हा त्याचा पहिला पर्याय नसतोच. त्यामुळे बॉल पायथन वारंवार चावत असेल, तर ‘हा साप वाईट निघाला’ असे म्हणण्याआधी त्याला चेंडू होऊन लपणेसुद्धा पुरेसे का वाटत नाही, हे पाहायला हवे.

‘आक्रमक’ साप म्हणजे काय?

कुत्रा किंवा मांजर माणसाला ओळखते, त्याच्याशी नाते जोडते. सापाचे तसे नसते. साप माणसाळत नाही, तो सरावतो. रोज येणाऱ्या एखाद्या वासापासून, हालचालीपासून आणि स्पर्शापासून आपल्याला धोका नाही, एवढे तो शिकतो. इतकेच. राग धरणे, सूड घेणे, मालकावर रुसणे या गोष्टी चित्रपटातल्या नागिणीला शोभतात. प्रत्यक्षात साप दोनच कारणांनी तोंड उघडतो. समोरची वस्तू भक्ष्य वाटली म्हणून किंवा समोरच्याची भीती वाटली म्हणून. हे दोन चावे वेगळे ओळखता आले की निम्मा प्रश्न सुटतो.

भक्ष्य समजून घेतलेल्या चाव्यात साप सोडत नाही. तो पकडतो आणि शरीराचे वेढे हाताभोवती आवळायला लागतो, कारण उंदराच्या बाबतीत तो तेच करतो. चाव्याआधी त्याचे डोके हाताच्या दिशेने वळलेले असते, तो हळूहळू पुढे सरकतो, जीभ सारखी आत-बाहेर करतो आणि मग एकदम स्तब्ध होतो. फूत्कार वगैरे काही नसते. उंदराला कोण सावध करेल?

भीतीपोटी घेतलेला चावा याच्या नेमका उलट. साप आधी मान मागे घेऊन इंग्रजी ‘एस’सारखी वळवतो, फूत्कारतो, अंग फुगवतो. कॉर्न स्नेकसारखा साप शेपटीचे टोक थरथरवतो. एवढे इशारे देऊनही हात पुढे आलाच तर झडप घालतो आणि लगेच सोडून मागे होतो. हा ‘दूर हो’ असा निरोप असतो.

पहिल्या प्रकारात चूक कुठे होते, हे समजून घेण्यासाठी बॉल पायथनच्या तोंडाकडे पाहायला हवे. त्याच्या वरच्या ओठाच्या कडेला लहान लहान खाचा असतात. त्यांत उष्णता टिपणाऱ्या संवेदना असतात. सोप्या भाषेत सांगायचे तर ओठांवर बसवलेला थर्मल कॅमेराच. अंधारातही आसपासच्या हवेपेक्षा उबदार असलेली वस्तू त्याला जाणवते. या सेन्सरला ‘उबदार आणि हलते’ एवढेच कळते. तो उंदीर आहे की मालकाचा हात, हे तो वासावरून ताडतो. आता याच हाताने पाच मिनिटांपूर्वी उंदीर हाताळला असेल, किंवा घरातले हॅमस्टर कुरवाळले असेल, तर सापाचा हिशेब पूर्णपणे जुळतो. उबदार, हलणारे, उंदराच्या वासाचे. इथे सापाचे काय चुकले?

त्यातच बहुतेक घरांत टाकीचे झाकण फक्त खाणे देतानाच उघडले जाते. आठ-पंधरा दिवसांतून एकदा झाकण सरकते, वरून काही तरी उबदार आत येते आणि ते खायचे असते, हे सापाला पक्के ठाऊक होते. मग कधी तरी केवळ पाणी बदलायला हात आत गेला तरी तो झडप घालणारच.

टाकीत खायला दिल्याने साप आक्रमक होतो, म्हणून त्याला वेगळ्या डब्यात नेऊन खाऊ घालावे, असा सल्ला आजही अनेक जण देतात. कारण आणि परिणाम यांची यात गल्लत झालेली आहे. खाण्याच्या तयारीत असलेल्या सापाला उचलणे आणि पोट भरल्यावर पुन्हा उचलून परत ठेवणे, हे दोन्ही चावा ओढवून घेण्याचे आणि सापाने खाल्लेले ओकून टाकण्याचे हमखास प्रसंग. झाकण उघडणे म्हणजे दर वेळी जेवण नव्हे, हे सापाला शिकवणे जास्त सोपे आहे. त्यासाठी खाण्याव्यतिरिक्तही टाकी उघडत राहावी लागते.

दोष सापात की टाकीत?

भीतीपोटी चावणाऱ्या सापाचे कारण बहुतेक वेळा त्याच्या टाकीत सापडते. बॉल पायथन दिवसा बिळात, वाळवीच्या वारुळात लपणारा आणि रात्री बाहेर पडणारा प्राणी. त्याला दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी, चारही बाजूंनी पारदर्शक काचेत ठेवायचे, वरून एलईडी लावायचा आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने काचेवर टकटक करायची, ही मालकासाठी हौस आणि सापासाठी शिक्षा आहे. लपायला जागा नसलेला साप सतत सावध राहतो आणि सतत सावध असलेला साप चावतो.

टाकीत किमान दोन लपण्याच्या जागा हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. त्या ऐसपैस नकोत. वेटोळे घालून बसल्यावर अंगाला भिंती टेकतील इतक्या अडचणीच्या हव्यात. माणसाला कोंदट वाटेल ते सापाला सुरक्षित वाटते. उबदार बाजूचे तापमान साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूचे २५ ते २७ अंश असावे. सापाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही, त्यामुळे तो या दोन टोकांमध्ये ये-जा करून ते राखतो. ही सोय नसेल तर त्याचे पचन बिघडते आणि तो चिडचिडा होतो. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावणे तर धोक्याचेच. अनियंत्रित मॅटवर पोट भाजलेले साप पशुवैद्यांना नवे नाहीत.

मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता कशी वाढवायची, हा प्रश्न येत नाही, उलट टाकीत बुरशी धरणार नाही हे पाहावे लागते. पण दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की सापाची कात नीट सुटत नाही. ती तुकड्यातुकड्यांत निघते आणि डोळ्यांवरचा पारदर्शक पापुद्रा तसाच राहतो. ज्याला धड दिसत नाही, तो साप हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर झडप घालणार, हे उघड आहे.

कात टाकण्याच्या सुमारास निरोगी सापाचेही हेच होते. कात टाकण्याआधी काही दिवस त्याचे डोळे निळसर-दुधी होतात, त्वचा फिकट दिसते. या काळात त्याला दिसते कमी आणि स्पर्श नकोसा असतो. तेव्हा त्याला बाहेर काढूच नये. पूर्ण कात पडेपर्यंत थांबायला काहीच हरकत नसते.

वर्षानुवर्षे शांत असलेला साप अचानक चावू लागला, तर मात्र टाकीइतकेच त्याच्या प्रकृतीकडे पाहायला हवे. खवल्यांच्या फटींतून फिरणारे काळे ठिपक्यांसारखे परजीवी, हिरड्या सुजून तोंडात होणारा पांढरट-पिवळट पू, श्वास घेताना येणारा शिट्टीसारखा आवाज, उघडे राहणारे तोंड ही आजाराची लक्षणे आहेत. दुखत असलेल्या प्राण्याला ‘हाताळून हाताळून’ शांत करता येत नाही.

हात घालायचा तरी कसा?

नवा साप घरात आला की पहिला आठवडा त्याला हातच लावायचा नाही. पाणी बदलायचे, टाकी स्वच्छ ठेवायची आणि बाजूला व्हायचे. त्याने एक-दोनदा नीट खाल्ले की मग हाताळायला सुरुवात करायची. सर्वात कठीण नियम हाच आहे, कारण विकत आणलेल्या दिवशीच मित्रांना दाखवायचे असते. खाल्ल्यानंतर किमान ४८ तास हात लावायचा नाही, नाहीतर तो खाल्लेले ओकतो आणि त्यातून सावरायला त्याला बराच काळ लागतो.

हाताळण्याआधी हात साबणाने धुवावेत. उंदराचा वास जावा म्हणून आधी धुवायचे आणि सापाच्या अंगावरचे जंतू जावेत म्हणून नंतरही धुवायचे.

मग येतो तो ‘टकटक’ प्रकार. जगभर अनुभवी मंडळी हेच करतात आणि यासाठी महागडे साधन लागत नाही. साप हाताळायची आकडी असेल तर उत्तम, नसेल तर कागदाची गुंडाळी चालते. झाकण उघडल्यावर तिने सापाच्या अंगाला, शेपटीकडच्या अर्ध्या भागाला हलकेच स्पर्श करायचा. मारायचे नाही, ढकलायचे नाही. दर वेळी हाताळण्याआधी हा स्पर्श होतो आणि खाणे देताना तो कधीच होत नाही. काही आठवड्यांत सापाला फरक कळू लागतो. स्पर्श झाला म्हणजे जेवण नाही. सतत चावणाऱ्या सापांपैकी जे ‘भुकेले’ गटातले असतात, त्यांच्यावर हा साधा उपाय सर्वाधिक लागू पडतो.

हात वरून आणायचा नाही. सापाच्या जगात वरून येतो तो घार किंवा गरुड. हात बाजूने, खालच्या पातळीवरून, डोक्यापासून दूर न्यायचा आणि शरीराच्या मध्यभागाखाली सरकवून उचलायचे. एकदा ठरवले की मध्येच थबकायचे नाही. हात पुढे, पुन्हा मागे, पुन्हा पुढे अशी भीत-भीत केलेली हालचाल सापाला सर्वात जास्त बिथरवते. मान धरायची नाही. सापाची मान पकडणे हा प्रकार चित्रफितींतून इतका रुजला आहे की अनेकांना तीच योग्य पद्धत वाटते. बिनविषारी पाळीव सापाला मानेवर दाब बसला, की आपण कुणाच्या तरी तावडीत सापडलो, असेच वाटते.

पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे यांनी काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले होते. पुढे कात्रजच्या सर्पोद्यानाशी त्यांचे नाव जोडले गेले. साप विनाकारण माणसावर चालून जात नाहीत, हे त्यातून लोकांना दिसले. तो प्रयोग कुणी घरी करून पाहायचा नाही, हे सांगायला नकोच. पण त्यातला हालचालीचा संयम पाच फुटी पायथन उचलतानाही तितकाच लागतो.

सुरुवातीला पाच मिनिटे पुरेत. मग आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे. साप फूत्कारला की लगेच टाकीत ठेवण्याची घाई करू नये. बसून, त्याला अंगाखाली पूर्ण आधार देऊन, हालचाल थांबवावी आणि तो सैल पडला की मगच परत ठेवावे. चावले की सुटका होते, हा धडा त्याला दर वेळी मिळाला तर तो तोच गिरवेल. मात्र तो शांतच होत नसेल तर ताणू नये.

हातमोज्यांबाबत मतभेद आहेत. जाड मोज्यांमुळे सापाची हालचाल हाताला कळत नाही आणि त्याचे बारीक दात कापडात अडकून तुटतात. पण मालकाचा हात भीतीने थरथरत असेल, तर पहिल्या काही वेळा मोजे घातलेले बरे.

चावलाच तर काय करायचे?

हात मागे खेचायचा नाही. हे वाचायला सोपे आहे, पण प्रत्यक्षात हात आपोआप मागे येतो. बॉल पायथनचे दात सुईसारखे बारीक आणि आतल्या बाजूला वळलेले असतात, भक्ष्य निसटू नये म्हणून. हात खेचला की छोट्या टोचण्यांच्या जागी लांब ओरखडे पडतात, तुटलेले दात जखमेत राहतात आणि सापाचे तोंडही जखमी होते.

सापाने धरून ठेवले असेल तर त्याचे वजन आधाराने पेलावे आणि थोडा वेळ स्थिर राहावे. हे भक्ष्य नाही, हे कळले की तो बऱ्याचदा स्वतःच सोडतो. नाहीच सोडले तर डोक्यावर थंड पाण्याची बारीक धार धरावी. त्यानेही भागले नाही तर तोंडाच्या कडेला हँड सॅनिटायझरचा एखादा थेंब लावतात, त्याची चव सापाला नकोशी होते. वेढे सोडवायचे ते शेपटीच्या टोकापासून, कारण तिथे जोर कमी असतो. जबडा सोडवताना डोके मागे ओढायचे नाही. दात आत वळलेले असल्याने आधी किंचित पुढे ढकलून मग वर उचलायचे.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले नसेल तर डॉक्टरांना दाखवायचे. सूज, लाली, पू किंवा ताप आला, अथवा दात आत राहिल्याची शंका आली तर थांबायचे नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यामुळे पाच वर्षांखालील मुले, ज्येष्ठ नागरिक आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी साप हाताळूच नये, अशी अमेरिकेतील आरोग्य यंत्रणेची शिफारस आहे. आणि डॉक्टरांना काय चावले, हे खरे सांगायचे. ‘खिळा लागला’ असे सांगितल्यास डॉक्टर खिळ्याचाच उपचार करतील.

मोठा अजगर असेल तर हा हिशेब बदलतो. सहा-सात फुटांपुढच्या सापाला एकट्याने टाकीबाहेर काढू नये, दुसरी सज्ञान व्यक्ती हाताशी हवी. २००९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या एका घरात सुमारे साडेआठ फुटांचा पाळीव बर्मीज पायथन रात्री टाकीतून निसटला आणि दोन वर्षांच्या मुलीचा त्याच्या विळख्यात मृत्यू झाला. टाकीला कुलूपबंद झाकण नव्हते, तिच्यावर रजई बांधलेली होती. सापाला महिनाभर नीट खायला मिळाले नव्हते, हे खटल्यात पुढे आले. मुलीची आई आणि तिचा साथीदार यांना तुरुंगवास झाला. त्या साप ‘आक्रमक’ नव्हता, भुकेला होता आणि मोकळा होता.

‘हा बिनविषारी आहे’ हे कोणी ठरवले?

आतापर्यंतचे सारे एका गृहीतकावर उभे आहे. साप खरोखर बिनविषारी आहे, हे ते गृहीतक. महाराष्ट्रात ते दरवर्षी कुणाच्या तरी जिवावर बेतते. घोणशीचे पिल्लू अजगराचे समजून उचलले जाते, कारण दोघांच्याही अंगावर तपकिरी ठिपके असतात. बिनविषारी डुरक्या घोणस आणि खरी घोणस यांतही अशीच गफलत होते. कवड्या समजून हातात घेतलेला साप मण्यार निघू शकतो. मोबाइलवरच्या फोटोवरून ‘काही नाही होत, अजगर आहे’ असे सांगणारा मित्र ही यातली सर्वात धोकादायक कडी आहे.

गारुड्याकडच्या ‘दात काढलेल्या’ नागाबद्दलही हाच भ्रम आहे. सापाचे विषदंत तुटले किंवा उपटले तरी मागच्या राखीव दातांमधून नवे येतात. दात काढलेला नाग काही काळाने पुन्हा पूर्ण क्षमतेने चावू शकतो.

चोरट्या व्यापाराने यात नवी भर घातली आहे. जून २०२५च्या सुरुवातीला थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाकडे मुंबई विमानतळावर ४७ विषारी साप सापडले. त्यांत इंडोनेशियातील ४४ पिट व्हायपर होते आणि उरलेले तीन कोळ्यासारखी शेपटी असलेले दुर्मीळ व्हायपर. असा साप एखाद्या घरात चावला तर? भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेले आहे. परदेशी व्हायपरच्या दंशावर ते लागू पडेल, याची खात्री कुठलेच रुग्णालय देऊ शकत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार जणांचा बळी गेला, असा संशोधकांचा अंदाज आहे. ते मृत्यू बहुतांश शेतात आणि खेड्यांत झाले. प्रतिविषच नसलेल्या जातीचा दंश शहरातल्या मोठ्या रुग्णालयापासून दहा मिनिटांवरही जीवघेणा ठरू शकतो.

सापाच्या जातीबद्दल किंचितही शंका असेल तर चावा विषारी समजूनच वागायचे. हालचाल थांबवायची, चावलेला भाग स्थिर ठेवायचा, अंगठी-घड्याळ काढायचे आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जायचे. जखम कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. साप पकडून सोबत नेण्याच्या नादात दुसरा माणूस जखमी होतो, त्यापेक्षा लांबून काढलेला फोटो पुरे.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतीय साप पाळणे गुन्हा आहे. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दात पकडणेही येते. अजगर, नाग, घोणस, धामण हे साप पहिल्या अनुसूचीत आहेत आणि या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा तुरुंगवास तसेच किमान २५ हजार रुपये दंड आहे. मांडूळ घरात ठेवल्याने पैसा येतो, या अंधश्रद्धेपायी चालणारी खरेदी-विक्रीही बेकायदाच. पकडलेली धामण ‘दोन दिवस ठेवून मग सोडतो’ म्हणणाऱ्या हौशी तरुणालाही यात सूट नाही.

परदेशी सापांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. २०२०पर्यंत त्यांच्यासाठी नोंदणीची नीट व्यवस्थाच नव्हती. त्या वर्षी केंद्राने स्वेच्छेने माहिती देण्याची मुदत योजना आणली. २०२२च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतील परदेशी प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. बॉल पायथन त्यात आहे. कलम ४९ एम आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्याची ‘परिवेश २.०’ या पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. तेव्हा आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिने मिळाले होते, नव्याने ताब्यात आलेल्या प्राण्यासाठी ३० दिवस आहेत. पिल्ले झाली, प्राणी दगावला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवावे लागते.

कॉर्न स्नेक मात्र ‘साइट्स’च्या यादीत नाही, त्यामुळे ही नोंदणी त्याला लागू होत नाही. पण परवान्याविना तो बिस्किटाच्या पुड्यातून आणणे ही तस्करीच ठरते. विक्रेत्याकडून ‘कागद आहेत’ एवढे तोंडी ऐकून साप घेणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवलेला बरा. नोंदणी फक्त ताब्याची होते, साप देशात कसा आला हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

हेतू चांगला असला तरी या व्यवस्थेतली एक अडचण डोळ्यांआड करता येत नाही. ज्याने अज्ञानाने किंवा मोहाने बेकायदा साप घेतला, मुदत चुकवली, त्याला आता पुढे येण्यात फक्त धोका दिसतो. तो लपतो आणि त्याच्याबरोबर आजारी, भुकेला, चावणारा सापही लपतो. अशा प्राण्यांसाठी शिक्षेच्या भीतीविना सुपूर्द करण्याची कायमस्वरूपी सोय हवी, आणि ती एखाद-दुसऱ्या मुदत योजनेने होणार नाही.

नकोसा झालेला साप सोडून दिला तर?

फ्लोरिडाचे एव्हरग्लेड्स हे याचे उत्तर आहे. तिथे पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेल्या आणि सोडलेल्या बर्मीज पायथनची प्रजा इतकी वाढली की दलदलीतले रॅकून, ओपोसम असे सस्तन प्राणी अनेक भागांतून जवळपास दिसेनासे झाले. २००० सालापासून २३ हजारांहून अधिक पायथन तिथून हटवले गेले, तरी ते संपलेले नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकेने या सापाच्या आयातीवर आणि राज्याराज्यांतल्या वाहतुकीवर बंदी घातली, तोवर उशीर झाला होता. गंमत म्हणजे हाच बर्मीज पायथन ईशान्य भारतातला मूळ रहिवासी आणि इथे त्यालाच संरक्षणाची गरज आहे.

आरे कॉलनी, ताम्हिणी किंवा गावाजवळच्या ओढ्यात सोडलेला आफ्रिकी बॉल पायथन तिथे वाढेलच असे नाही. बहुधा तो मरेल, पण मरण्याआधी परदेशी परजीवी आणि रोग इथल्या सापांना देऊ शकतो. रस्त्यावर दिसला तर घोणस समजून ठेचला जाण्याची शक्यता त्याहून जास्त.

त्यामुळे साप आवरेनासा झाला असेल तर आधी टाकीचे तापमान, लपण्याची जागा आणि खाण्याचे वेळापत्रक तपासावे, मग सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला दाखवावे. तरीही सांभाळणे शक्य नसेल तर नोंदणीकृत साप रीतसर हस्तांतरणाची माहिती पोर्टलवर देऊन दुसऱ्या जाणत्या पालकाकडे सोपवता येतो. नोंदणी नसलेल्या सापाबाबत वकिलाचा सल्ला घेऊन वनविभागाशी संपर्क साधणे हाच मार्ग उरतो. महाराष्ट्र वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. घरात किंवा सोसायटीत अनोळखी साप दिसला, तरी फोन करायचा तो याच क्रमांकावर.